जुलैत टेस्ट करा, मग सांगा: ताग-केळी-काथ्याच्या कंपोझिटवर रिसर्च करणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

नमस्कार,

मुंबई आणि आजूबाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, पॉलिमर आणि टेक्स्टाइलच्या डिपार्टमेंटमध्ये जे सर, मॅडम आणि पीएचडी करणारी मुलं-मुली ताग, केळी, काथ्या, घायपात, अंबाडी यांचे धागे रेझिनमध्ये (म्हणजे हार्डनर टाकला की घट्ट होणारा चिकट द्रव) किंवा प्लास्टिकमध्ये घालून कंपोझिट बनवण्यावर काम करताय, त्या सगळ्यांना हे पत्र. कुणा एकाला नाही, कारण मला जे बोलायचंय ते सगळीकडे तसंच चाललंय, आणि माझ्या स्वतःच्या बी.ई.च्या प्रोजेक्टमध्येसुद्धा तेच होतं.

मी कोण ते आधी सांगते. साकीनाक्याला खैरानी रोडच्या आत आमचा एफआरपीचा गाळा आहे, पप्पांनी सुरू केलेला, आता मी बघते. लोक ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतात तेच, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. मशीनची कव्हरं, कुंड्या, डब्यांची झाकणं, बागेतली बाकं असलं काम येतं. सगळं हातानं. मोल्डला वॅक्स मारायचं, जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर, मारायचा, मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर टाकून ब्रशनं भिजवायचं आणि रोलरनं हवा काढत जायचं, मग सुकलं की काढून कडा ग्राइंडरनं घासायच्या. आमच्याकडे हॉट प्रेस नाही, व्हॅक्यूम पंप नाही, आणि या शहरात आमच्यासारखे जे छोटे गाळे आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे नाही.

आता मला तागात एवढा इंटरेस्ट का? पर्यावरण वगैरे नंतर आलं, आधी आले ते मामांचे हात. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर, पप्पांच्या वेळेपासूनचे, गाळ्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात. काचेची मॅट कापताना आणि कडा घासताना जी धूळ उडते ती कोपरापर्यंत रुतून बसते, ग्लोव्हज घातले तरी मनगटातून आत शिरते, आणि खाज इतकी की घरी गेल्यावर ते थंड पाण्यात हात बुडवून बसतात, गरम पाणी चालत नाही, त्यानं आणखी चावतं. तीसेक वर्षं हे चाललंय. म्हणून जेव्हा कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं की काचेच्या जागी झाडाचा धागा वापरता येतो, वजनालाही हलका, काचेची घनता पाण्याच्या २.५ पटीच्या वर आणि तागाची १.४ पटीच्या आसपास, तेव्हा मला आधी मामा आठवले. फायनल इयरला मी केळीच्या खांबाचा धागा आणि इपॉक्सी रेझिन घेऊन प्रोजेक्ट केला, टेन्साइल, फ्लेक्सुरल, इम्पॅक्ट, म्हणजे ओढून, वाकवून आणि धक्का देऊन, तिन्ही टेस्ट केल्या, छान ग्राफ आले, मार्क्सही चांगले मिळाले. टेस्ट फेब्रुवारीत केली होती, म्हणजे कोरड्या हवेत. ही गोष्ट तेव्हा कुणीच विचारली नाही, मलाही सुचली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका हाउसिंग सोसायटीचं काम आलं, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांची झाकणं, ४० नग. तिथले सेक्रेटरी काका म्हणाले काही निसर्गाला धरून करता येतंय का बघ गं. मी लगेच हो म्हटलं. मशीद बंदरहून तागाचं कापड आणलं, आपण तरट म्हणतो तेच पण जरा घट्ट विणीचं, आणि एप्रिलमध्ये तीन-तीन थरांची झाकणं काढली. तागाला रेझिन जास्त लागतं, कापड ते पीतच राहतं, हे पहिल्याच दिवशी कळलं, पण माल सुरेख निघाला. मामांनी त्या आठवड्यात हाफ शर्टात काम केलं आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, "पोरी, आज हात शांत आहेत." ते वाक्य मी विसरणार नाही.

मे मध्ये झाकणं बसली. जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलै संपेपर्यंत फोनवर फोटो यायला लागले. जेलकोटवर फोड, कडा फुगून लाटांसारख्या झालेल्या, बिजागऱ्यांच्या स्क्रूभोवती काळी बुरशी, काही झाकणं इतकी वाकली की डब्यावर बसेनात. ऑगस्टमध्ये सगळी ४० टेम्पोत घालून परत आणली आणि आमच्या खर्चानं काचेची करून दिली. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी परत कधी 'वेगळं काही' विचारलं नाही. मामा परत फुल शर्टात.

त्यातल्या एका झाकणाचा तुकडा कापून, उन्हात चांगला वाळवून मी बादलीत बुडवला. ४१२ ग्रॅमचा तुकडा दहा दिवसांनी ४४७ ग्रॅम भरला. साडेआठ टक्के पाणी, आणि वजन अजून वाढतच होतं. काचेचा तसाच तुकडा शेजारच्या बादलीत होता, त्याचं वजन जेमतेम हललं.

मग मी पेपर वाचायला बसले. रात्री गाळा बंद झाल्यावर, महिनोन्‌महिने, मिळतील ते. आणि मला तुम्हाला मनापासून सांगायचंय की त्यातलं काम खोटं नाही, मेहनत दिसते, मुलं किती राबली असतील तेही दिसतं, पण माझ्या झाकणांचं काय झालं असतं हे मला त्यातल्या बहुतेक पेपरांतून आधी कळलं नसतं. तंतू १० टक्के, २० टक्के, ३० टक्के, मधला कुठलातरी सगळ्यात मजबूत, मग तुटलेल्या कडेचा मायक्रोस्कोपमधला फोटो, मग शेवटी एक वाक्य की हे मटेरिअल गाड्यांत, बांधकामात, फर्निचरमध्ये वापरता येईल. पाण्याची टेस्ट असलीच तर २४ तास बुडवून. आणि सगळे तुकडे टेस्टच्या आधी ठेवलेले २३ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेत, कारण प्लास्टिकच्या टेस्टचं नेहमीचं स्टँडर्ड तसं आहे.

२३ डिग्री आणि ५० टक्के! सर, जुलैतल्या मुंबईत ही हवा फक्त एसीच्या खोलीत मिळते. बाहेर दिवसेंदिवस ८० च्या वर आर्द्रता असते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ डब्यात पाणी सोडतं. स्टँडर्डमध्ये उष्ण देशांसाठी २७ डिग्री आणि ६५ टक्क्यांचा पर्याय दिलेला आहे, तोसुद्धा फार कमी जण वापरतात, आणि खरं तर तोही पावसाळ्याला पुरत नाही. टेक्स्टाइलवाल्यांना हे पाठ असतं की कोरड्या वजनावर १३.७५ टक्के ओलावा हा तागाचा व्यापारात धरलेला आकडा आहे, कापसाचा साडेआठ. काचेच्या धाग्याला असला आकडा लागतच नाही कारण काच पाणी पीत नाही. म्हणजे ज्या धाग्याचा स्वभावच हवेतलं पाणी ओढून घ्यायचा आहे त्याला आपण कोरड्या हवेत ठेवून मोजतो आणि ते आकडे काचेच्या आकड्यांशेजारी लावतो.

आणि नुसतं पाणी आत जातं एवढंच असतं तर चाललं असतं. धागा ज्यांचा बनलेला असतो त्या सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजला पाणी हवं असतं, रेझिनला नको असतं. पावसात धागा फुगतो आणि भोवतीच्या रेझिनला आतून ढकलतो, बारीक तडे जातात. ऑक्टोबरच्या उन्हात धागा वाळून आकसतो, पण रेझिन काही त्याच्यामागे जात नाही, मग दोघांच्या मध्ये फट राहते. पुढच्या जूनमध्ये पाण्याला ती फट तयारच मिळते. म्हणजे मुंबईतल्या वस्तूला एकदा भिजणं सोसायचं नसतं, चार महिने भिजून आठ महिने वाळणं, आणि ते दरवर्षी, असं सोसायचं असतं. भिजव-वाळव-भिजव अशी टेस्ट करणारे पेपर आहेत, मला सापडले, चांगलेही आहेत, पण शंभरात शोधावे लागतात. ही टेस्ट नेहमीची का नाही होत? हिला मशीनही लागत नाही, बादली लागते, ओव्हन लागतो आणि सहा महिने लागतात. मला वाटतं अडचण त्या सहा महिन्यांचीच आहे, कारण सेमिस्टर संपतं.

२४ तासांच्या आकड्याबद्दल जरा सांगते कारण माझं गणित तिथेच चुकलं. पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो. ३ मिमीचा तुकडा जितक्या दिवसांत भरतो, ६ मिमीच्या तुकड्याला त्याच्या चौपट दिवस लागतात. म्हणजे जाड तुकडा २४ तास बुडवला की आकडा छोटा येतो, वाचणाऱ्याला वाटतं वा, पाणी कमी पितो. तो कमी पीत नाहीये, हळू पितोय. मी एका पेपरमधला असा छोटा आकडा बघून एप्रिलमध्ये काम हातात घेतलं होतं. वजन वाढायचं थांबेपर्यंत मोजा, आठवड्यानं मोजा, महिन्यानं मोजा, आणि तुकड्याची जाडी आकड्याच्या शेजारीच लिहा, एवढंच मागणं आहे.

तसंच कडांचं. झाडाच्या धाग्याला मधोमध पोकळी असते, म्हणजे कापलेली कडा ही हजारो बारीक नळ्यांची उघडी तोंडं. माझी झाकणं फुगली ती कडेनं आणि स्क्रूच्या भोकांतून, मधला भाग त्या मानानं बराच बरा होता. आता टेस्टचे तुकडे तुम्ही मोठ्या शीटमधून कापता, चारही कडा उघड्या, मग काही जण त्यांना रेझिन लावून बंद करतात आणि काही तशाच ठेवतात, आणि पेपरमध्ये दोघंही ते लिहित नाहीत. मला गाळ्यात सगळ्यात जास्त हीच माहिती हवी आहे: कडा बंद केली तर किती फरक पडतो, कशानं बंद केली तर टिकते, भोक पाडून त्यात बुश, म्हणजे छोटी नळी, बसवला तर काय होतं. ग्राहकाला मिळते ती वस्तू, तिला बिजागरी असते, स्क्रू असतो, कोपरा असतो. २५० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद पट्टी कुणी विकत घेत नाही.

कॉस्टिकबद्दल. धागा रेझिनला नीट चिकटावा म्हणून तो कॉस्टिक सोड्यात बुडवायचा, ही जॉन मर्सरची १८४४ ची कापसावरची युक्ती, आणि ती काम करते, मी स्वतः करून बघितली आहे, मेण आणि हेमिसेल्युलोज थोडं निघून जातं, धागा खरबरीत होतो, पकड वाढते. पण ५ टक्के सोडा चार तास, ५ टक्के सोडा आठ तास, ७ टक्के सोडा दोन तास, यावर किती पेपर काढणार? आणि त्यातल्या एकाही पेपरमध्ये मला हे दिसलं नाही की ते चहासारखं तपकिरी झालेलं पाणी नंतर कुठे गेलं. लॅबमध्ये दोन लिटर असेल. माझ्या गाळ्यात ते रोजचे दोन-तीन पिंप होईल, आणि मागे जो नाला आहे तो मिठीला जाऊन मिळतो. ते पाणी मी तिथे सोडू शकत नाही आणि ट्रीटमेंट प्लांट लावायला माझ्याकडे ना जागा आहे ना पैसे. मग ज्या कंपोझिटला आपण निसर्गपूरक म्हणतोय त्याच्या पाण्याचा हिशोब पेपरमध्येच आला पाहिजे ना. किती लिटरला किती किलो धागा, धुवायला किती पाणी, अॅसिडनं न्यूट्रल केल्यावर उरलं काय. एक टेबल पुरेल.

आता धाग्याबद्दल, कारण इथे मला वाटतं की आपण मराठी माणसं असून आपल्याच शब्दांकडे लक्ष देत नाही. पेपरमध्ये लिहिलेलं असतं 'धागा स्थानिक बाजारातून घेतला'. बस. अहो, घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख, म्हणजे दोराचा धागा, काढणाऱ्याला विचारा, तो सांगेल की पान किंवा खोड कोवळं होतं की जून, पाण्यात किती दिवस कुजत ठेवलं, ठोकून काढलं की खरवडून, वाळवलं उन्हात की सावलीत, आणि यातल्या प्रत्येकानं दोराची ताकद बदलते. गावोगावी मातंग समाजातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या या वाखाचे दोर वळले, बैलांचे कासरे, मोटेचे नाडे, त्यांच्या हाताला हे ज्ञान होतं. बरं, 'ताग' म्हटल्यावर बंगालचा ताग की आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो बोरूचा ताग, हेसुद्धा काही ठिकाणी स्पष्ट नसतं, आणि ती दोन पूर्ण वेगळी झाडं आहेत. केळीचंही तसंच, वसईच्या वाडीतला खांब आणि जळगावच्या रावेर-यावलकडचा खांब, घड उतरवल्यावर लगेच धागा काढला की आठवडाभरानं, बाहेरच्या सोपटाचा की आतल्या, सगळं वेगळं. एकाच धाग्याची ताकद टोकापासून बुडापर्यंत बदलते, काचेसारखी ती कारखान्यात ओढलेली तार नाही. पुस्तकात तागाची ताकद ३९३ ते ८०० एमपीए (ओढून तोडायच्या ताकदीचं माप) अशी देतात, म्हणजे दुपटीचा फरक. मला डिझाइन करायचं असेल तर मी कुठला धरू? सरासरी मला उपयोगाची नाही, मला खालचा आकडा हवा, वीसातला सगळ्यात कच्चा तुकडा कितीला तुटला ते हवं. तुमच्या टेबलमध्ये पाच तुकड्यांची सरासरी असते आणि तीच ग्राफवर चढते.

काथ्याबद्दल तर मला खरंच वाईट वाटतं. कोकणातल्या कुठल्याही घरी विचारा सुंभ कशाला वापरतात, ओल्यात टिकतो म्हणून, होडीला, विहिरीला, मांडवाला. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा घटक, खूप असतं, ४० टक्क्यांच्या वर, आणि सेल्युलोज कमी, शिवाय त्याच्या आतले सूक्ष्म तंतू सरळ नसून मोठ्या कोनात गुंडाळलेले असतात, स्प्रिंगसारखे, म्हणून तो ओढला की तुटायच्या आधी लांबत जातो, १५ टक्के, कधी ३० टक्के. काच ३-५ टक्क्यांच्या आत तुटते. मग काय होतं, प्रोजेक्टवाला काथ्याला टेन्साइल मशीनवर लावतो, १७५ एमपीएच्या आसपास आकडा येतो, तागापेक्षा खूप कमी, आणि लिहून मोकळा होतो की काथ्या कमजोर. काथ्याला ओढून काय बघता, त्याला मारून बघा, धक्का द्या, ओला करून धक्का द्या. हेल्मेटच्या आतलं अस्तर, गोदीतल्या बोटींना लावायचे धक्का-रोधक, ट्रकच्या हौद्यातल्या फळ्या, असल्या गोष्टींसाठी त्याचा विचार करा. कोकण आपल्या बाजूलाच आहे.

एवढं सगळं बोलले म्हणून मी या मटेरिअलच्या विरोधात आहे असं समजू नका, विरोधात असते तर रात्री जागून पत्र लिहिलं नसतं. उलट त्यातली सगळ्यात चांगली बाजू मला हातानं कळली आहे. पातळ पत्र्याचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनानं वाढतो. तागाचं कंपोझिट हलकं असल्यामुळे काचेएवढ्याच वजनात ते साधारण सव्वापट जाड करता येतं, आणि सव्वाचा घन जवळजवळ दोन होतो, म्हणजे धागा काचेपेक्षा कमी ताठ असला तरी जाडी त्यातलं बरंचसं भरून काढते. हातात घेतल्यावर ते लाकडासारखं भरीव वाटतं, ठोकल्यावर पत्र्यासारखा आवाज येत नाही. मशीनच्या कव्हरला हा आवाज मरणं फार मोलाचं आहे. हे फायदे तुम्ही लिहिता पण ताकदीच्या टेबलाखाली एका ओळीत.

आणि जगात हे चाललेलं आहेच. पूर्व जर्मनीत स्टील मिळेना तेव्हा त्यांनी सोव्हिएत कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉलिक रेझिन दाबून ट्राबांट गाडीची बॉडी केली, १९५७ ते १९९१, ३० लाखांवर गाड्या. २०२० मध्ये मॅक्लारेननं फॉर्म्युला वनच्या गाडीची सीट जवसाच्या धाग्याची केली. जर्मन गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनलमध्ये जवस, अंबाडीच्याच जातीचं केनाफ, घायपात हे सगळं कित्येक वर्षं आहे. पण बघा ना, दाराच्या आतल्या बाजूला आहे, कापडाखाली झाकलेलं, पाऊस लागत नाही अशा जागी. त्यांनी धाग्याचा स्वभाव बघून जागा निवडली. मी ताग उचलला आणि थेट मुंबईच्या पावसात उघड्यावर ठेवला, आणि मला तसं करू नको हे सांगणारं कुणी भेटलं नाही. एका कॉलेजला मी फोडांचे फोटो आणि तुकडा घेऊन गेले होते, नाव सांगत नाही, तिथल्या सरांनी प्रेमानं चहा पाजला, स्वतःच्या पेपरची कॉपी दिली आणि म्हणाले आमचं काम मटेरिअल लेव्हलचं आहे, प्रॉडक्ट लेव्हलचं नाही. सर, त्या दोन लेव्हलच्या मध्ये मी उभी आहे. माझ्यासारखे बरेच उभे आहेत.

आगीचं थोडक्यात. एका रिपोर्टच्या शेवटी वाचलं की लोकलच्या डब्यातली पॅनल तागाची करता येतील. करता येतीलही, पण सेल्युलोज जळतं, पॉलिएस्टर जळतं आणि धूर काढतं, आणि ज्या डब्यात माणूस पाय ठेवायला जागा शोधतो तिथे धुराचा विचार आधी व्हायला हवा. आग रोखणारी पावडर घातली की ताकद कमी होते, रेझिन दाट होतं, आमच्या रोलरला दाबलं जात नाही. आग, ताकद आणि पाणी या तिन्ही टेस्ट एकाच मिश्रणावर करून मगच लोकलचं नाव घ्या.

आणि 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द जपून वापरा, हात जोडून सांगते. तागाच्या तीन थरांच्या पॉलिएस्टर पत्र्यात वजनानं निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरच असतं, ते काही कुजत नाही, आणि एकदा घट्ट झालं की वितळूनही परत वापरता येत नाही. माझी ती ४० झाकणं शेवटी कचऱ्याच्या गाडीतच गेली. देवनारला १९२७ पासून या शहराचा कचरा पडतोय, तिथे ती झाकणं तागाची होती म्हणून कुणी वेगळी ठेवणार नाहीये. ट्राबांटच्या बॉडींचं काय करायचं हा प्रश्नही जर्मनीला नंतर पडलाच होता. त्यापेक्षा पीपीसारखं (पॉलिप्रॉपिलीन) वितळणारं प्लास्टिक घेऊन जे काम चाललंय ते मला जास्त पटतं, पीपी १६५ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि धागा २०० च्या पुढे करपायला लागतो, म्हणजे मधे जागा आहे, थोडं मॅलिइक अनहायड्राइड नावाचं रसायन जोडलेलं पीपी घातलं की धागा धरूनही राहतो. पण ते इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांचं क्षेत्र, माझं नाही, त्यांनी लिहावं.

मला नेहमी एक गोष्ट खटकते. माटुंग्यात एका बाजूला कापसावर आणि धाग्यांवर काम करणारं सिरकॉट आहे, १९२४ पासूनचं, पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून, पार्टिकल बोर्ड करण्याचं काम त्यांनी केलेलं आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, १९३३ पासून, रेझिन आणि पॉलिमर जाणणारी माणसं. आणि जवळच व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेज, १८८७ सालचं, मशीन आणि स्ट्रक्चर जाणणारी माणसं. घाटकोपरला कापडावर संशोधन करणारं बीट्रा आहे, पवईला आयआयटी. धागा, रेझिन, डिझाइन, तिन्ही या शहरात आहे. पण बरेचसे पेपर वाचताना मला असं वाटतं की धागेवाल्याला रेझिन दुय्यम आहे, रेझिनवाल्याला धागा म्हणजे फिलर, नुसती भर, आहे, आणि मेकॅनिकलवाल्याला दोन्ही म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे दोन आकडे आहेत. एका विद्यार्थ्याला तीन गाइड मिळाले आणि चौथा माणूस गाळ्यातला असला तर माझी झाकणं एप्रिलमध्येच वाचली असती.

फसलेले प्रयोगही छापा. ज्या तुकड्याला बुरशी आली, जो मोल्डमधून निघताना फाटला, ज्यात हवा राहिली, तो पेपरमधून गायब होतो आणि मग दुसऱ्या कॉलेजातली मुलगी तीच चूक परत करते. आणि जे सापडलं त्याचं एक पान मराठीत लिहा, कुठल्या धाग्याला किती रेझिन, किती थर, कडा कशी बंद करायची, कुठे वापरायचं नाही. मामा सातवी शिकलेत, मराठी पेपर रोज वाचतात, ते पान ते भिंतीला चिकटवतील.

मी पण हातावर हात ठेवून बसलेली नाही. गेल्या वर्षीपासून एक बनावट करून बघतेय, बाहेरून दोन्हीकडे काचेची पातळ मॅट, मध्ये ताग, आणि कडा कापायच्या नाहीत, काचेनं दुमडून बंद करायच्या. पाच तुकडे गाळ्याच्या पत्र्यावर बांधलेत, एक पावसाळा काढला, चार चांगले आहेत, पाचव्याला मी मुद्दाम भोक पाडलं होतं तो भोकाजवळ फुगला. काच पूर्ण गेली नाही, पण मामांना ग्राइंडरवर आधीपेक्षा बरंच कमी घासावं लागतं. पाच तुकड्यांवरून मी कुणाला काही सिद्ध करून दाखवू शकत नाही, माझ्याकडे टेन्साइल मशीन नाही, आर्द्रतेचं चेंबर नाही, ओल्या तुकड्याची ताकद किती उरली हे मला मोजता येत नाही.

तुमच्याकडे ते सगळं आहे. माझ्याकडे पत्र्यावर जागा आहे, साधारण ६० तुकडे मावतील, ऊन-पाऊस दोन्ही थेट लागतं, मिठीवरून येणारी दमट हवा आहे. मोल्ड आणि रेझिन माझं, मामांचा हात माझ्याकडून, तुकडे तुमच्या मापाचे. मेच्या शेवटी बांधू, गणपतीनंतर पहिले वीस काढू आणि ओले असतानाच मशीनवर लावू, पुढचे वीस मार्चमध्ये वाळलेले, आणि उरलेले वीस दुसऱ्या पावसाळ्यानंतर. ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षं देता येतील त्यालाच पाठवा, एका सेमिस्टरवाल्याला नको. सोमवार सोडून कधीही या, सोमवारी त्या भागात लाइट जाते. जुने कपडे घालून या, रेझिन लागलं की निघत नाही.